वेथेच्या काठाने : वेरीनाग ते बारामुल्ला

काश्मीरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम आणि सोनमर्ग ही चार नावे मनाशी धरून निघतो आणि ती चारही ठिकाणे पाहून परततो. त्यांतली शेवटची तीन खोऱ्याच्या कडेला, डोंगरांच्या कुशीत आहेत. मधला सपाट, बंदिस्त तळ मात्र मोटारीच्या काचेतून दिसेल तेवढाच दिसतो. आम्हांला तो तळच पाहायचा होता. झेलम नदीला तिथले लोक वेथ म्हणतात आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत तीच वितस्ता आहे. ती जिथे उगम पावते त्या वेरीनागपासून ती जिथे खोरे सोडते त्या बारामुल्लापर्यंत तिच्या काठाने जायचे, असा बेत ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी आखला. हे खोरे साधारण 135 किलोमीटर लांब आणि 32 ते 40 किलोमीटर रुंद आहे. त्याच्या नैर्ऋत्येला पीर पंजाल, ईशान्येला मुख्य हिमालयाची रांग, आणि आत पडणाऱ्या सगळ्या पाण्याला बाहेर जायला वायव्येच्या टोकाशी एकच अरुंद वाट. इथली माती, पिके, तळी आणि पूर यांचे मूळ शोधत गेले की दर वेळी या एका वाटेशीच येऊन थांबावे लागते, असे माझे मत या प्रवासात झाले.

पहिला दिवस : कटरा, बनिहाल, वेरीनाग

कटऱ्याहून निघालेली गाडी चिनाबवरच्या पुलावर येते तेव्हा खाली 359 मीटरवर नदी असते, पण तो देखावा क्षणभराचा; बनिहालपर्यंतचा बहुतेक प्रवास बोगद्यांतूनच होतो. बनिहालला आम्ही उतरलो आणि बारामुल्लाकडे जाणारी साधी गाडी धरली, कारण काझीगुंडला उतरायचे होते. या दोन स्थानकांमध्ये पीर पंजालच्या पोटातून जाणारा 11.2 किलोमीटरचा बोगदा आहे. बनिहालच्या बाजूला दरी अरुंद, उतार उभे आणि शेते जिन्यासारखी. बोगद्याच्या पलीकडे गाडी बाहेर आली की एकदम सपाटी सुरू होते, कापलेल्या भाताची खाचरे दूरवर पसरतात आणि डोंगर क्षितिजावर जाऊन बसतात. एवढा पालट मी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरही अनुभवलेला नाही, आणि आम्ही तर घाटमाथ्याच्या फरकावरच वाढलेली माणसे.

फरक हवेचाही आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बहुतेक पाणी पीर पंजालच्या दक्षिण उतारावर पडून जाते, त्यामुळे श्रीनगरला वर्षाचा पाऊस सुमारे 700 मिलिमीटर एवढाच होतो आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्यात व वसंतात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांतून पाऊस व बर्फाच्या रूपाने पडतो. म्हणजे हे एका अर्थी पर्जन्यछायेतले खोरे आहे. मात्र सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांसारखी इथे पाण्याची ओढाताण नाही, कारण उन्हाळाभर डोंगरांवरचे बर्फ वितळून खाली येत राहते.

वेरीनाग काझीगुंडहून मोटारीने जवळ आहे. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, देवदार आणि पाइनच्या उताराखाली, जहांगीरने 1620 मध्ये झऱ्याभोवती अष्टकोनी दगडी कुंड बांधून घेतले आणि पुढे शाहजहानच्या काळात तिथून पाण्याचा सरळ पाट बागेतून काढण्यात आला. कुंडातले पाणी गडद निळे-हिरवे आहे आणि त्यात उकळी, बुडबुडे, खळखळ असे काहीही दिसत नाही. पाणी बाहेर किती जोराने जाते हे पाटाच्या तोंडाशी गेल्यावरच कळते. उगमाच्या मानाबाबत भूगोलाची वही काटेकोर धरली तर लिद्दरसारख्या उपनद्या वेरीनागच्या प्रवाहापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, पण उगम ठरवताना माणसे पाण्याच्या मोजमापापेक्षा परंपरेला मान देतात, हे आपण कृष्णेच्या बाबतीतही करतोच.

दुसरा दिवस : अच्छबल, मट्टन, अनंतनाग

दक्षिण काश्मीरात गावांच्या नावांत ‘नाग’ वारंवार येतो आणि नाग म्हणजे झरा. वेरीनाग, कोकरनाग, अनंतनाग हे सगळे झरे एकाच पट्ट्यात का, याचे उत्तर खडकात आहे. इथे डोंगराच्या पायथ्याशी ट्रायासिक काळातला चुनखडक आहे. त्यात पाणी मुरते, भेगा रुंदावत जाते, आणि मैलोगणती भूमिगत राहून मातीच्या थराशी आल्यावर बाहेर फुटते. 2022 च्या फेब्रुवारीत कोकरनागजवळ ब्रिंगी नदीच्या पात्रात अचानक विवर पडले आणि अख्खा प्रवाह त्यात गडप होऊन खालचे पात्र कोरडे पडले, तेव्हा हे भूमिगत जाळे साऱ्यांना डोळ्यांनी दिसले. अच्छबलच्या मोगल बागेत जे पाणी धबधब्यासारखे कोसळते ते ब्रिंगीचेच, असे तिथले लोक पूर्वीपासून सांगत आले आहेत. आम्ही गेलो तेव्हा बागेतले चिनार तांबूस झाले होते आणि पाणी इतके थंड होते की हात घालून दहा आकडे मोजवत नव्हते.

दुपारी मट्टनच्या पठारावर चढलो. हा शब्द मी सवयीने वापरतो आहे. काश्मिरीत त्याला वुडर म्हणतात आणि भूगर्भशास्त्रात करेवा. मराठी डोळ्याला पठार म्हटले की बेसॉल्टचा काळा कडा आणि वर सडा अपेक्षित असतो. इथे कडा आहे, वरचा भाग तसाच सपाट आहे, पण सबंध उंचवटा मातीचा आहे : पिवळसर, मऊ, थरांचा, नखाने खरवडता येईल असा. रस्त्याच्या खोदकामात एका ठिकाणी आठ-दहा मीटरचा उभा काप उघडा पडला होता आणि त्यात निळसर चिकणमाती, बारीक वाळू, पुन्हा चिकणमाती, मध्येच गोट्यांचा पट्टा आणि सर्वांत वर वाऱ्याने आणून टाकलेली पिवळी धूळमाती असे थर स्वच्छ वाचता येत होते.

या थरांचा इतिहास असा. सुमारे 40 लाख वर्षांपूर्वी पीर पंजाल उंच होत गेला आणि त्याने इथल्या पाण्याची नैर्ऋत्येची वाट अडवली. मागे विशाल सरोवर साचले, भोवतालच्या डोंगरांवरून येणाऱ्या नद्या त्यात गाळ ओतत राहिल्या, आणि तो गाळ काही ठिकाणी हजार मीटरांहून जाड झाला. पीर पंजाल मात्र उचलला जातच होता, त्यामुळे त्या बाजूचे थर तिरपे होऊन वर गेले आणि सरोवर हळूहळू ईशान्येकडे सरकले. शेवटी बारामुल्लाजवळ पाण्याने वाट काढली, सरोवर रिकामे झाले, आणि नद्यांनी जुन्या तळात नवी पात्रे कोरली. जे कोरले गेले नाही ते वुडर म्हणून उभे राहिले. हे कळले म्हणजे नकाशातली एक गोष्ट उलगडते. झेलम खोऱ्याच्या मधून न वाहता ईशान्येकडच्या डोंगरांना धरून वाहते आणि वुडरांचा रुंद पट्टा तिच्या डाव्या हाताला, पीर पंजालच्या बाजूला राहतो. काश्मीर म्हणजे पूर्वीचे सतीसर नावाचे सरोवर होते आणि कश्यप ऋषींनी ते रिकामे करवले, ही कथा तिथे सर्वांना ठाऊक आहे. सरोवर रिकामे झाल्याची आठवण इतका काळ टिकणे शक्य नाही, तरी ज्यांनी ही कथा रचली त्यांनी या सपाट तळाकडे आणि कड्यांतल्या थरांकडे नीट पाहिले असावे, असे मला वाटते.

मट्टनच्या वुडरावर, जिथून लिद्दरचे मुख आणि खालचे सारे खोरे एका नजरेत येते अशा जागी, आठव्या शतकात ललितादित्याने मार्तंडाचे सूर्यमंदिर बांधले. करड्या चुनखडकाचे मोठे चिरे, ओवऱ्यांनी वेढलेले प्रांगण आणि मध्ये छप्पर गेलेला गाभारा. मंदिर पडके आहे, पण त्याच्या जागेची निवड आजही पटते : पुराच्या वर, ओलीच्या वर, आणि पूर्वेकडून येणाऱ्या उन्हाला मोकळी.

अनंतनागला पोचताना संध्याकाळ झाली. इथे सांद्रन, ब्रिंगी आणि आरपथ एकत्र येतात, खाली लिद्दर मिळते, आणि खन्नाबलपासून वेथ नावेने जाण्याजोगी होते. रस्ते होण्यापूर्वी धान्य, लाकूड आणि माणसे इथूनच डोंग्यांत बसून श्रीनगरला जात.

तिसरा दिवस : संगम, अवंतीपूर, पांपोर

बिजबेहाडा ओलांडल्यावर महामार्गाच्या दोन्ही कडांना विलोच्या फळ्यांचे बुरुजासारखे ढीग लागतात. क्रिकेटच्या बॅटींसाठी ते लाकूड वाळत ठेवलेले असते. विलोला ओल लागते आणि इथे ओल भरपूर आहे, कारण संगम नावाच्याच गावाशी पीर पंजालवरून येणारे विशव आणि रंबियारा यांचे पाणी झेलमेला मिळते. उत्तर भागात लोक पावसाळी दिवसांत संगमच्या पुलाखालच्या मोजपट्टीची बातमी विचारतात. तिथे पाणी 21 फुटांवर गेले की पूर जाहीर होतो आणि श्रीनगरला सावध व्हायला थोडा वेळ मिळतो.

अवंतीपूरला नवव्या शतकातल्या अवंतीवर्म्याची दोन मंदिरे आहेत आणि दोन्ही आजच्या जमिनीपेक्षा खाली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे उत्खनन झाले तेव्हा प्रांगणे गाळाने भरलेली होती. मार्तंड वुडरावर आणि अवंतीपूर नदीकाठी : एक उन्हापावसाने झिजले, दुसरे पुराच्या मातीत गाडले गेले आणि म्हणूनच त्याच्या ओवऱ्यांवरचे कोरीव काम अधिक टिकले.

पांपोरला केशराचा हंगाम चालू होता. या वुडरावर झाड नाही, पाट नाही, विहीर नाही. लहान चौकोनी वाफे, त्यांच्या भोवती पाणी निथळायला चर, आणि वाफ्यांत पानांआधीच उमललेली जांभळी फुले. केशराच्या कंदाला साचलेले पाणी सहन होत नाही. वुडरावरची धूळमाती ओल धरते पण चिखल होऊ देत नाही, म्हणून हे पीक इथे आहे आणि शंभर पावलांवर खाली, खाचरांच्या पातळीला, अजिबात नाही. कुटुंबे उजाडताच फुले खुडायला येतात. एका फुलात तीन तांबडे तंतू आणि एक ग्रॅम वाळल्या केशराला सुमारे दीडशे फुले, हा हिशेब प्रत्येक जण सांगतो. एका वयस्क बाई टोपलीवरून मान वर न करता म्हणाल्या, “सप्टेंबरात एक पाऊस हवा असतो. तो आला तर फूल, नाही तर नुसते गवत.” खऱ्या अर्थाने कोरडवाहू शेती ती हीच.

त्याच वुडरांच्या कडा जेसीबीने खाल्लेल्याही दिसतात. रेल्वेचा भराव, रस्ते आणि विटभट्ट्या यांना ही मऊ माती सोयीची पडते, आणि लाखो वर्षांचे थर ट्रकमधून भरावाला जातात. खोऱ्यातल्या पूरमैदानात उंच भराव घातल्याशिवाय रेल्वे नेता आली नसती हे खरे. तरी केशराच्या वाफ्यांना लागून पडलेला तो उभा खड्डा पाहून मला राग आला.

चौथा दिवस : श्रीनगर

सकाळी शंकराचार्य टेकडी चढलो. शहरापेक्षा सुमारे 300 मीटर उंच असलेली ही टेकडी आणि पलीकडची हरी पर्वत, दोन्ही काळसर ज्वालामुखीजन्य खडकांच्या आहेत. या खडकांना पंजाल ट्रॅप म्हणतात. दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. हा त्याच्या चौपटीहून जुना, 28-29 कोटी वर्षांपूर्वीचा. पायऱ्यांच्या कडेला बसून तो खडक हाताने चाचपताना परक्या मुलुखात चुलत्याच्या घरी आल्यासारखे वाटले.

माथ्यावरून शहराची रचना एका नजरेत कळते. पूर्वेला झबरवान डोंगर, त्याच्या पायथ्याशी दल सरोवर, मग ही टेकडी, आणि पश्चिमेला मोठमोठी वळणे घेत जाणारी झेलम. नदी एवढी का वळते? श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटरवर आणि पुढचे वुलर सरोवर सुमारे 1,580 मीटरवर आहे. मधले अंतर नदीने पुष्कळ आणि उतार नाममात्र. अशा पात्रात पाणी घाई करत नाही, गाळ टाकत जाते, आणि गाळाने पात्र उथळ होते. वेरीनागपासून अनंतनागपर्यंत पावणेतीनशे मीटर उतरलेली नदी इथे जवळजवळ साचून राहते.

2014 च्या सप्टेंबरात पहिल्या आठवड्यातल्या सततच्या पावसाने दक्षिणेकडच्या सगळ्या उपनद्या एकाच वेळी फुगल्या, बांध फुटले, आणि राजबाग, जवाहरनगर हे डाव्या काठचे भाग कित्येक दिवस पाण्याखाली राहिले. राजबागेतल्या एका दुकानदारांनी भिंतीवरची खूण दाखवली; ती माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. “पाणी येते ते समजते, जनाब, पण जात का नाही ते समजत नव्हते,” असे ते म्हणाले. हा पूर पंचगंगेच्या पुरासारखा चढून आठवड्याभरात ओसरणारा नव्हता. बाहेरची वाट अरुंद असल्याने पाणी तळात बसून राहिले. जुन्या शहरातल्या लोकांना हे शतकानुशतके ठाऊक होते. कदलांच्या, म्हणजे पुलांच्या, आसपासची जुनी वस्ती उंच काठांवर आहे, आणि आज जिथे नव्या वसाहती आहेत तिथे पूर्वी नंबल, म्हणजे दलदल, होती. 1903 च्या पुरानंतर इंग्रज अभियंत्यांच्या काळात पादशाही बागेपासून शहराला वळसा घालणारा पूरकालवा खोदला गेला; तो होकरसरच्या पाणथळीकडून पुढे जातो. आम्ही त्याच्या काठाने चाललो तेव्हा त्यात गाळ, गवत आणि कुठे कुठे भाजीचे वाफेही होते.

दल सरोवरावर मी थोडक्यात आटोपतो; त्याच्याविषयी सगळे लिहून झाले आहे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की दलगेटच्या दरवाजांनी त्याची पातळी नदीपासून वेगळी राखली जाते, आणि नदरू, म्हणजे कमळकाकडी, व तरंगत्या मळ्यांतली भाजी यांचा सारा व्यवहार या दरवाजांवर अवलंबून आहे.

संध्याकाळी धूर खाली बसला. हिवाळ्यात कांगडीला, म्हणजे ऊब घेण्याच्या हातशेगडीला, कोळसा लागतो आणि त्यासाठी चिनाराचा पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या जागोजागी जाळतात. थंडी वाढली की थंड हवा खोऱ्याच्या तळाला बसते, वर उबदार हवेचे झाकण येते, आणि चारी बाजूंनी डोंगर असल्याने धुराला जायला जागा राहत नाही. जे पाण्याचे तेच धुराचे.

पाचवा दिवस : शादीपूर, मानसबल

लहान दिवस. शादीपूरला सोनमर्गहून येणारी सिंध, म्हणजे लडाखमधली सिंधू नव्हे, झेलमेला मिळते. संगमावर इवल्याशा बेटावर एक चिनार आहे आणि त्याला प्रयाग म्हणतात. मानसबल खोल आणि स्वच्छ आहे. कमळांचा हंगाम संपला होता. पाऊस लागला आणि आम्ही लवकर मुक्कामाला गेलो.

सहावा दिवस : वुलर

वटलबच्या टेकडीवर बाबा शुकुरुद्दीन यांची जियारत, म्हणजे दर्गा, आहे आणि तिथून वुलर सगळे दिसते, किंवा वुलर कुठे संपते ते दिसत नाही, असे म्हणणे अधिक बरोबर. झेलम त्यात दक्षिणेकडून शिरते, बांदीपोऱ्याकडून मधुमती आणि एरिन येतात, आणि सोपोरकडे पाणी बाहेर पडते. सरोवराचा विस्तार पाण्याप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून त्याला एक आकडा लावण्यात अर्थ नाही. बर्फ वितळताना आणि पुरात ते फुगते आणि खालच्या वाटेवरचा ताण हलका करते. हिवाळ्यात आक्रसते आणि काठची जमीन उघडी पडते. त्या उघड्या जमिनीवर सरपणासाठी विलोची दाट लागवड गेल्या शतकात झाली, झाडांनी गाळ धरला, गाळाने सरोवर आणखी उथळ केले. अलीकडे ती झाडे मोठ्या प्रमाणावर काढण्याचे आणि गाळ उपसण्याचे काम चालू आहे.

वुलरचे नावाडी दुपारनंतर मधल्या पाण्यात जायला नाखूश असतात, कारण दुपारी डोंगरांतून वारा सुटतो आणि उथळ पाण्यावर लाटा चटकन उंच होतात. आम्ही सकाळी काठाकाठानेच गेलो. शिंगाड्याच्या वेली होड्यांत ओढून काढल्या जात होत्या. शिंगाड्याचे पीठ इथल्या गरिबांचे हिवाळ्यातले जुने अन्न आहे. पंधराव्या शतकात सुलतान जैनुल आबिदीनने वादळात सापडलेल्या नावांना आसरा म्हणून सरोवरात जैना लांक हे बेट घडवले. आता त्याच्याभोवती इतका गाळ साचला आहे की बेट म्हणून ते ओळखणे कठीण. वुलरच्या मुखाशी तुलबुल येथे पाण्याची पातळी राखण्यासाठी 1984 मध्ये बंधाऱ्याचे काम सुरू झाले आणि 1960 च्या सिंधू जलकराराचा आधार घेत पाकिस्तानने आक्षेप घेतल्यावर 1987 मध्ये थांबले.

सातवा दिवस : सोपोर, बारामुल्ला, खादनयार

सोपोरची सफरचंदांची मंडी पहाटेच गजबजते. विलो आणि पॉपलरच्या लाकडाच्या पेट्या, कागदाच्या भुशात बसवलेली फळे, आणि दिल्लीपासून वाशीपर्यंतच्या बाजारांचे भाव एका दमात सांगणारे अडते. आसपासच्या बागा उतारांवर आणि वुडरांवर आहेत; भाताची खाचरे नदीच्या पातळीला.

सोपोर हे सुय्याचे गाव. राजतरंगिणीकार कल्हणाने बाराव्या शतकात लिहून ठेवले आहे की अवंतीवर्म्याच्या राज्यात पूर आणि दुष्काळ पाठोपाठ येत होते, आणि सुय्या नावाच्या हुशार माणसाने बारामुल्ल्याकडच्या घळीत, जिथे दरडींनी पात्र अडले होते, नदीत नाणी फेकली. भुकेल्या लोकांनी नाण्यांसाठी पात्रातले धोंडे उपसून काढले आणि पाणी मोकळे झाले. पुढे त्याने बांध घातले, पात्रे वळवली, कोरड्या पडलेल्या जमिनीवर गावे वसवली, आणि तांदळाची खारी, म्हणजे तिथले धान्याचे माप, 200 दिनारांवरून 36 दिनारांवर आली. नाण्यांची कथा मला रचलेली वाटते. कामाची जागा मात्र त्याने अचूक निवडली होती, आणि अवंतीवर्म्याची अवंतीपूरची मंदिरे ज्या सुबत्तेतून उभी राहिली ती या कामातून आली, असे मानायला हरकत नाही.

सोपोरच्या खाली पोहरू नदी मिळते आणि भरपूर गाळ आणते, नेमका वाटेच्या तोंडाशी. बारामुल्ला जवळ येतो तसे दोन्ही बाजूंचे डोंगर आत सरकतात, वुडरांचे उंच कडे नदीवर येतात, आणि शहराच्या पलीकडे खादनयारला खोरे संपते. इतका वेळ आवाज न करणारी नदी इथे प्रथम आवाज करते. रस्त्यावरून दगड टाकला तर पलीकडच्या काठाजवळ पडेल एवढे पात्र, मध्ये मोठे धोंडे, आणि पुढे उरीपर्यंत सलग उतार. त्या उतारावरच उरीचा जलविद्युत प्रकल्प उभा आहे.

2014 च्या पुरानंतर सोपोर-बारामुल्ला भागात यंत्रांनी गाळ उपसण्याचे काम झाले. काठावर गळ टाकून बसलेल्या एका गृहस्थांना त्याचा काही उपयोग झाला का, असे मी विचारले. ते म्हणाले, उपसले तेवढे दिवस झाला. पोहरू दर वर्षी पुन्हा आणते. पुढे उरीच्या दिशेने जायचा आमचा विचार नव्हता. बारामुल्ल्याहून दुपारच्या गाडीने श्रीनगरला परतलो, आणि साऱ्या वाटेवर रेल्वेचा भराव खाचरांपेक्षा किती उंच आहे ते खिडकीतून पाहत आलो.